क्वांटम, बायोटेक आणि बाबांचे साडेचार लाख

पत्र थोडं कापून देते आहे.

"ताई, मी डोंबिवली पूर्वेला राहते, वय २३. यंदा फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाले, ७१ टक्के. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपवर होता, जिवाणू कसे हलतात ते मोजायचं होतं. सहा महिने त्या अंधाऱ्या खोलीत बसले आणि तेव्हापासून रिसर्चच करायचा हे डोक्यात पक्कं झालंय. पण कशात? वर्गावरचे सर म्हणतात, सगळा पैसा आता क्वांटममध्ये आहे, तिकडे जा. प्रोजेक्टच्या मॅडम म्हणतात, बायोकडे वळ, तिथे फिजिक्सवाले हवे असतात. हिंजवडीचा मावसभाऊ म्हणतो, दोन्ही सोड. एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर आलंय, वर्षाला साडेचार लाख, सप्टेंबरात जॉइन व्हायचंय. बाबा रेल्वेत आहेत, रिटायर व्हायला चार वर्षं आहेत, भाऊ बारावीला. बाबा म्हणतात, तू तिशीपर्यंत शिकतच बसणार, मग लग्न कधी? आई एवढंच म्हणते, 'तू नक्की काय करणार ते मला समजेल असं सांग', आणि मला सांगता येत नाही. एका इन्स्टिट्यूटचा 'तीन महिन्यांत क्वांटम प्रोफेशनल' असा कोर्स आहे, फी ८५ हजार. तो करून बघू का? माझं नाव छापू नका."

अगं, आधी त्या ८५ हजारांचं मिटवू. भरू नकोस. तीन महिन्यांत कुणी क्वांटम प्रोफेशनल होत नाही. मिळतं ते सर्टिफिकेट, आणि पीएच.डी.च्या मुलाखतीत ते कुणी हातातही घेत नाही. तुझ्या एम.एस्सी.च्या क्वांटम मेकॅनिक्सच्या वहीत त्या कोर्सपेक्षा जास्त माल आहे. त्यापुढचं हवं असेल तर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटेल या ऑनलाइन पोर्टलवर फुकट आहेत, परीक्षा द्यायची असेल तरच फी. घरात बारावीचा मुलगा असताना ८५ हजारांना दुसरी वाट शोधावी लागणार नाही.

आता बाबा. त्यांचं गणित मी कागदावर मांडून पाहिलं. वर्षाचे साडेचार लाख म्हणजे महिन्याचे साडेसदतीस हजार. त्यातून पीएफ जातो, आणि कंपनी ज्याला 'व्हेरिएबल' म्हणते तो भाग तर आधी हातात येतच नाही. ऑफर लेटरला जोडलेला पगाराचा तक्ता बाबांना शेजारी बसवून वाचून दाखव. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा करार, असेल तर त्याचं कलमही त्यातच सापडेल, तेही वाच. दुसऱ्या बाजूला पीएच.डी. करताना मिळणारी जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. दोन वर्षांनी कामाचा आढावा घेऊन एसआरएफ, म्हणजे सीनियर फेलोशिप, देतात, ती ४२ हजार. होस्टेल मिळालं नाही तर घरभाडं वेगळं. म्हणजे पहिली दोन वर्षं तरी तू आयटीतल्या मैत्रिणीएवढेच पैसे घरात आणशील. पीएच.डी.ला 'शिकणं' म्हणायची आपल्याकडे सवय आहे, तिथेच बाबांची गल्लत होते. ती नोकरी आहे. पगार बेताचा, साहेब एकच आणि बदली अशक्य, एवढाच फरक.

गणित पाचव्या वर्षी बाबांच्या बाजूने झुकतं, तेही लपवत नाही. मैत्रीण तोवर दोन कंपन्या बदलून दुप्पटीवर गेलेली असते आणि तू ४२ हजारांवरच असतेस. शिवाय फेलोशिप एक तारखेला खात्यात पडेलच असं नाही. दोन-तीन महिने खडखडाट आणि मग एकदम एरिअर्स, हा प्रकार कुठल्याही लॅबमधल्या पोरांना विचार, तोंडपाठ असतो. म्हणून तीन महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत भावाच्या फीचा शब्द बाबांना देऊ नकोस.

पैशांच्या बाबतीत माझा एकच हट्ट आहे: फेलोशिप नसेल तर पीएच.डी. नाही. विद्यापीठाच्या पेट, म्हणजे पीएच.डी. प्रवेश परीक्षेतून विनाफेलोशिप प्रवेश मिळतो, गाईड म्हणतात "ये तर, पुढे बघू", आणि पुढे ती मुलगी सकाळी क्लासमध्ये शिकवते, दुपारी तासिका तत्त्वावर कॉलेजात जाते आणि लॅबला पोचते तेव्हा इन्स्ट्रुमेंट रूमला कुलूप लागलेलं असतं. अशा दोघी-तिघी मी जवळून पाहिल्यात. एकीची थीसिस नवव्या वर्षी झाली. राज्य सरकारच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. तुला यातलं काही लागू असेल तर दाखले आत्ताच काढून ठेव. जाहिरात आल्यावर तहसील कचेरीत रांग लावण्यात अर्थ नसतो.

बरं, क्वांटम की बायोटेक. क्वांटम म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनच्या पातळीवरचे नियम वापरून बनवलेले कॉम्प्युटर, सेन्सर वगैरे. बायोटेक म्हणजे जिवंत पेशींवर उभं राहिलेलं तंत्रज्ञान.

सरांचं म्हणणं खोटं नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ ला राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं. रक्कम ६,००३.६५ कोटी रुपये, मुदत २०३०-३१ पर्यंत. त्यातून चार मोठी केंद्रं उभी राहिली: क्वांटम कॉम्प्युटिंगचं बंगळुरूच्या आयआयएस्सीत, कम्युनिकेशनचं आयआयटी मद्रासला, मटेरियल्सचं आयआयटी दिल्लीला आणि सेन्सिंगचं तुझ्या घरापासून तासाभरावर, पवईच्या आयआयटीत. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, आपण सगळे जिला टीआयएफआर म्हणतो तिथे, सुपरकंडक्टिंग क्यूबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचे गणित करणारे मूळ घटक, तिथल्या तिथेच बनवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी डीआरडीओच्या पुण्यातल्या गटाबरोबर आणि टीसीएसबरोबर ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पुरी केली. म्हणजे मुंबईत हे काम फक्त कागदावर चालत नाही.

पण सरांनी एक वजाबाकी केली नाही. तू पुढच्या वर्षी सुरुवात केलीस तर थीसिस बांधायला देशील तेव्हा या मिशनची मुदत संपत आलेली असेल. पुढे दुसरा टप्पा येईलही. मात्र आज पैसा आहे म्हणून निवडलेला विषय तुला नोकरी लागेपर्यंत तसाच गरम राहील, यावर माझा विश्वास नाही, कारण हे नाटक मी एकदा पुढच्या रांगेत बसून पाहिलंय. २६ जून २००० ला मानवी जीनोमचा पहिला आराखडा जाहीर झाला आणि आपल्याकडे बायोटेकची लाट आली. कॉलेजांत बी.एस्सी. बायोटेकचे वर्ग सुरू झाले, डोनेशन देऊन मुलं गेली. सात-आठ वर्षांनी त्यातलीच मुलं माझ्या ओळखीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर औषधांच्या बॅगा घेऊन बसलेली दिसायची. पोरं हुशार होती. विषयही चांगलाच होता. त्यांनी विषय घेतला होता तो पेपरातल्या पुरवणीवरून, एवढंच.

आणि ज्या बायोटेकला मावसभाऊ 'सोड' म्हणतो, त्याच बायोटेकमधून याच शहरात काय झालं ते त्याला सांग. रुग्णाच्या रक्तातून टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, काढायच्या, एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात नवा जीन घालायचा, म्हणजे त्या पेशी कर्करोगी बी पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखायला लागतात, मग त्या वाढवून त्याच रुग्णाला परत द्यायच्या. याला कार-टी म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून निघालेल्या देशी कार-टीला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींनी पवईत येऊन तिचं लोकार्पण केलं. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात ती मिळते. दहाव्या हिश्शातही ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आलेली नाही, हा भाग वेगळा. हे काम बरीच वर्षं चाललं होतं, आणि त्या वर्षांत त्यावर कुणी पुरवण्या काढत नव्हतं.

मग निवडायचं कशावरून? माझ्या मते रोज सकाळी लॅबमध्ये गेल्यावर हाताने काय करावं लागतं, त्यावरून. विशेषतः काम बिघडतं तेव्हा ते कसं बिघडतं, यावरून.

माझा अनुभव पेशींचा. पेशी ज्या द्रवात वाढवतात ते मीडियम गुलाबी-लालसर असतं, आणि जिवाणू शिरले की पिवळं पडतं. माझ्या पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षातला एक सोमवार मी विसरत नाही. शनिवारी संध्याकाळी सगळे फ्लास्क नीट होते, रविवारी पावसाने गाड्या बंद म्हणून मी गेले नाही, आणि सोमवारी इन्क्युबेटरचं दार उघडलं तर चौदापैकी अकरा फ्लास्क हळदीच्या पाण्यासारखे. चार महिन्यांचं काम. ते ब्लीचमध्ये ओतायचं, इन्क्युबेटर आतून स्पिरिटने पुसायचा, फ्रीझरमधली जुनी कुपी वितळवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. पेशींना रविवार कळत नाही. सणही कळत नाहीत. गणपतीत सगळं घर आरतीला उभं असताना मी परळच्या लॅबमध्ये मीडियम बदलत होते, आणि गंमत म्हणजे मला त्याचं वाईट वाटत नव्हतं.

क्वांटमचा मी फक्त पाहुणचार घेतलाय. ओळखीतल्या एका मुलाने त्याचा डायल्युशन फ्रिज, म्हणजे क्यूबिट अतिथंड ठेवायचं यंत्र, दाखवला होता. वरून खाली एकाखाली एक सोनेरी तबकड्या, मधून शेकडो बारीक तारा, अगदी उलटी टांगलेली दीपमाळ. तळाशी निरपेक्ष शून्याच्या वर अंशाचा जेमतेम शंभरावा भाग, इतकी थंडी. ती हेलियमच्या दोन प्रकारांच्या मिश्रणातून मिळवतात, आणि फ्रिज तिथवर उतरायला दोन दिवस जातात. मुलगा हसत हसत म्हणाला, "मावशी, दोन दिवस थांबून खाली उतरलो की कळतं, एक कनेक्टर सैल राहिलाय. मग परत गरम करायचं, स्क्रू पिळायचा, परत दोन दिवस." बाहेर त्याचं टेबल बघितलं तर सोल्डरिंग गन, पान्हे, पायथनचा कोड आणि अर्धा खाल्लेला वडापाव. क्वांटममध्ये जायचं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलांच्या डोळ्यांसमोर फळ्यावरची समीकरणं असतात. प्रयोगवाल्यांचा निम्मा दिवस प्लंबिंग आणि वायरिंगमध्ये जातो. थिअरी केलीस तर ते टळेल, पण तिथे जागा कमी आणि गणिताला जबरदस्त स्पर्धा. तुझ्या पत्रात अंधाऱ्या खोलीतल्या सहा महिन्यांबद्दल जे वाक्य आहे ते थिअरीवाल्या मुलीचं वाटत नाही मला.

त्या वाक्यावरच थोडं थांबू, कारण सर, मॅडम आणि मावसभाऊ तिघांनाही एक गोष्ट सुचलेली दिसत नाही. हिऱ्यात कधी कधी कार्बनच्या एका अणूच्या जागी नायट्रोजन बसतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. त्याला एनव्ही सेंटर म्हणतात. त्यावर हिरवा लेसर टाकला की ते लाल चमकतं. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या आसपासचे मायक्रोवेव्ह दिले की एका ठरावीक जागी तो लाल प्रकाश मंदावतो, आणि जवळपासचं चुंबकीय क्षेत्र बदललं की ही मंदावण्याची जागा सरकते. ती सरक मोजून इतकी बारीक चुंबकीय क्षेत्रं पकडता येतात, की चेतापेशीतून सिग्नल जाताना जे क्षेत्र तयार होतं तेही मोजायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यासाठी डायल्युशन फ्रिज लागत नाही. खोलीच्या साध्या तापमानाला काम होतं, म्हणूनच जिवंत पेशीच्या जवळ जाता येतं. हे क्वांटम सेन्सिंग, पवईच्या केंद्राचं हेच क्षेत्र. नोव्हेंबर २०२४ मध्ये याच तत्त्वावर सेमीकंडक्टर चिपच्या आत बघणारं यंत्र बनवायला टीसीएसने आयआयटी मुंबईशी हात मिळवले.

हिरवा प्रकाश टाकायचा, लाल प्रकाश गाळून मोजायचा. सहा महिने तू दुसरं काय करत होतीस? लेसर अलाइन करणं, फिल्टर बदलणं, कॅमेऱ्याचा नॉइज काढणं हे कसब हिऱ्याच्या टेबलावरही चालतं आणि पेशींच्याही. तेव्हा अर्ज करताना 'क्वांटम' आणि 'बायोटेक' असे दोन ढीग करू नकोस. मायक्रोस्कोप ज्यांच्या कामाच्या मध्यभागी आहे अशा दहा-बारा लॅब शोध: पवईत फिजिक्स आणि बायोसायन्सेस अँड बायोइंजिनियरिंग हे दोन्ही विभाग, कुलाब्यात टीआयएफआरचं फिजिक्स आणि त्याच आवारातला जीवशास्त्र विभाग, खारघरला टाटा मेमोरियलचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, आणि मुंबईबाहेर राहायची तयारी असेल तर पुण्याचं आयसर, बंगळुरूचं एनसीबीएस या संशोधन संस्था. आपापसांत क्रम लावायचा तो लॅबचा लाव, शहराचा किंवा विषयाच्या पाटीचा नको.

क्रम लावायचा कसा, तर गाईड बघून. इथे मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माझे हात पोळलेत. मुंबईतल्याच एका संस्थेत मी पीएच.डी. केली, नाव सांगत नाही. काम पाच वर्षांत झालं होतं. थीसिसचं शेवटचं प्रकरण गाईडच्या खणात चौदा महिने पडून होतं. दर सोमवारी मी विचारायचे, दर सोमवारी "या आठवड्यात बघतो". त्या चौदा महिन्यांत फेलोशिप संपली आणि बाहेरच्या एका लॅबने दिलेली पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, जागाही गेली. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या हाताखाली अकरा मुलं होती आणि त्यांना नाही म्हणता येत नसे. माझ्या आधीच्या मुलीलाही सात वर्षं लागली होती. ती माझ्या शेजारच्याच टेबलावर बसायची, आणि मी तिला प्रवेश घेण्याआधी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

म्हणून तू विचार. लॅबच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते. कोण किती वर्षांत बाहेर पडलं, आता कुठे आहे, आणि किती जण मधेच सोडून गेले ते बघ. सोडून गेलेल्यांची नावं पानावर नसतात. ती कँटीनमध्ये कळतात. लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलीला गाठ, चहा पाज आणि सरळ विचार: सर आठवड्यातून किती वेळा भेटतात? ड्राफ्ट किती दिवसांत परत येतो? पेपरवर पहिलं नाव कुणाचं लागतं? आजारी पडलीस तर काय होतं? ती एक क्षण थांबून इकडेतिकडे बघायला लागली तर तुला उत्तर मिळालं. नामवंत प्राध्यापक आणि चांगला गाईड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी एकाच खुर्चीत सापडतात, कधी नाही.

आणि मेल लिहिताना ते "रिस्पेक्टेड सर, आय ॲम हायली इंटरेस्टेड इन युवर एस्टीम्ड लॅब" नको. असले मेल रोज येतात आणि न उघडता जातात. मी नोकरीत असताना एका मुलाने मला लिहिलं होतं, की तुमच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत कंट्रोलची पट्टी इतकी फिकट का आहे? चूक आमचीच होती. मी त्याला दुसऱ्याच दिवशी बोलावलं. तुझ्या मेलमध्ये चार ओळी पुरे: मी हा मायक्रोस्कोप वापरलाय, त्यातली ही अडचण अशी सोडवली, तुमच्या पेपरात हे असं का केलंय ते कळलं नाही, दोन तास येऊन लॅब बघू का. सोबत प्रोजेक्ट रिपोर्ट. दहा मेल पाठव. सात जण उत्तर देणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. पवईला जाताना कांजूरमार्गला फास्ट थांबत नाही हे तुला माहीत असेलच, ठाण्याला बदल. खारघरसाठी ठाण्याहून पनवेल गाडी.

परीक्षांचं पटकन सांगते. गेटचे फॉर्म ऑगस्ट-सप्टेंबरात निघतात, परीक्षा फेब्रुवारीत, तुझा पेपर फिजिक्सचा. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा डिसेंबरात असते, फॉर्म दिवाळीच्या आगेमागे. जीवशास्त्रासाठी जेजीईईबीआयएलएस नावाची जीभ अडखळवणारी परीक्षा आहे, ती फिजिक्सवाल्यांनाही देता येते आणि तिच्यावर एकापेक्षा जास्त संस्था प्रवेश देतात. फिजिक्ससाठी जेस्टही आहे. सगळ्यांत महत्त्वाची सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा, तुझा विषय फिजिकल सायन्सेस. जेआरएफ तिच्यातूनच मिळते. जेआरएफ मिळाली तर पैसे तुझे तू घेऊन येतेस, मग गाईड तुझ्याशी जरा वेगळ्या आवाजात बोलतो. या सगळ्यांचा अभ्यास साधारण एकच आहे, चार वेगळे क्लास लावायची गरज नाही.

आता सप्टेंबरची नोकरी. परीक्षा फेब्रुवारीपर्यंत, प्रवेश पुढच्या जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे एक वर्ष हातात आहे. मी तुझ्या जागी असते तर आधी महिनाभर कुठल्यातरी लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंटची जागा शोधली असती. अशा जागांच्या जाहिराती संस्थांच्या पानांवर सतत येतात, कंत्राट सहा महिने-वर्षाचं असतं, नेट-गेट नसेल तर पैसे जेआरएफपेक्षा कमी. पण ते वर्ष संपताना तुला ठाऊक असतं की पिवळा फ्लास्क किंवा सैल कनेक्टर बघून आपण रडलो आणि परत कामाला लागलो, की आपल्याला ते नकोच होतं. दुसरं उत्तर आलं तर पाच वर्षं वाचली. महिन्याभरात जागा नाही मिळाली, तर बाँड नसलेली नोकरी धर आणि पहाटे अभ्यास कर. बाँड दोन वर्षांचा असेल तर मी ती घेणार नाही. बाबांना हे पटणार नाही, पण पगाराच्या तक्त्यानंतर थोडं सोपं जाईल.

लग्नाबद्दल मी सल्ला देत नाही, विचारलं तरी देत नाही. बाबांना माहिती म्हणून इतकंच सांग, की यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.ची कमाल मुदत साधारण सहा वर्षं आहे, स्त्रियांना त्यावर दोन वर्षं सवलत आहे आणि बाळंतपण-बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनीही गृहीत धरलंय की पीएच.डी. करणाऱ्या मुलींची लग्नं होतात. माझं चौथ्या वर्षी झालं. नवऱ्याने मीडियम बदलायला शिकून घेतलं होतं, ते लॅबच्या नियमात बसत नव्हतं.

पुढे काय, हेही बाबा विचारतीलच. कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आहे, पण त्या कायम जागा निघायची वाट बघत आपल्या राज्यात कितीतरी नेट-सेट झालेले लोक तासिका तत्त्वावर राबतायत. एकट्या त्या आशेवर पीएच.डी. करू नकोस. गंमत म्हणजे, त्या जागेसाठी जुलै २०२३ पासून पीएच.डी. सक्तीचीही नाही, नेट किंवा सेट पुरते. तुझ्या कसबाच्या माणसांना सरकारी प्रयोगशाळा आहेत, ऑप्टिक्स आणि चिप तपासणीच्या कंपन्या आहेत, हॉस्पिटलांच्या इमेजिंगमध्ये काम आहे, परदेशात पोस्टडॉक आहे. तू 'क्वांटम' शिकलीस की 'बायो', हे तिथे कुणी फार विचारत नाही. हे यंत्र बिघडलं तर तुला दुरुस्त करता येईल का, हे विचारतात.

राहिली आई. तुझ्या पत्रातला सगळ्यांत अवघड प्रश्न तिने विचारलाय, आणि मुलाखतीत पॅनेलही शेवटी तेच विचारतं. तिला एनव्ही सेंटर म्हणू नकोस. हिऱ्यातला एक बारीकसा दोष जवळच्या गोष्टींची चाहूल घेतो, आणि ती चाहूल ऐकायला मी शिकणार आहे, असं काहीतरी तुझ्या शब्दांत सांगून बघ. दोन वाक्यांत जमेपर्यंत रोज एकदा, पोळ्या लाटताना. टीआयएफआरची मंडळी बरीच वर्षं 'चाय अँड व्हाय' नावाच्या गप्पा रविवारी भरवत आली आहेत, जुहूच्या पृथ्वी थिएटरात आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात. प्रवेश फुकट, कुणीही प्रश्न विचारावा. तारीख बघून आईला एकदा घेऊन जा. रुपारेलला जाताना दादरला बदलून पश्चिम रेल्वेच्या माटुंगा रोडला उतरा. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला उतरलात तर झेड ब्रिजवरून चालत यावं लागेल, आणि मग आई व्याख्यानाऐवजी गुडघ्यांबद्दलच बोलेल.